गोठ्याची लाइन घराच्या बोर्डापासूनच वेगळी काढा

आपल्या मानवतच्या पट्ट्यात घर म्हणजे नुसतं घर नसतं. मागं परसात पत्र्याचा गोठा असतो, कडबा कुट्टीचं मशीन असतं, वेचणीनंतर कापसाची एखादी खोली भरलेली असते. घराच्या वायरिंगला आपण पैसे मोजतो. आणि गोठ्याची लाइन? ती मागच्या खोलीतल्या पिनमधून ओढलेली, झाडाच्या फांदीवरून नेलेली. आज आपण घराच्या बोर्डात गोठ्यासाठी काय सोय ठेवायची, एवढंच नीट समजून घेऊ.

आधी दोन वस्तूंतला फरक. एमसीबी पडते ती जास्त करंटमुळे. तार तापून जळू नये, हे तिचं काम. जीव वाचवणं हे तिचं काम नाही. आरसीसीबी, जिला अजूनही बरेच जण ईएलसीबी म्हणतात, ती एकच गोष्ट बघते: फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का? ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की ०.३ सेकंदाच्या आत लाइन बंद. पण लोड जास्त झाला तर ती काहीच करत नाही. म्हणून दोन्ही लागतात.

आता तुम्ही म्हणाल, ‘सर, आमच्या गोठ्याला अर्थिंग आहे की!’ चांगलं आहे. पण हिशोब करून बघू. समजा अर्थिंगचा रोध १० ओहम आहे. कुट्टीच्या मोटारीत वायर सोलली गेली आणि फेज बॉडीला लागला. २३० व्होल्ट भागिले १० म्हणजे २३ अँपिअर जमिनीत जाणार. मशीनची एमसीबी २० अँपिअरची. २० ला २३ म्हणजे थोडंसंच जास्त. एवढ्यावर ती तासाभरातसुद्धा पडेलच असं नाही. तेवढा वेळ मशीनची बॉडी आणि तिला जोडलेला पत्रा, खांब, सगळं जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर. एमसीबी चांगली, अर्थिंग चांगलं, तरी माणूस जातो तो असा.

त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात ओली असते तेव्हा अर्थिंग छान लागतं. एप्रिल-मे महिन्यात जमीन भेगाळते, माती सळईपासून सुटते आणि रोध वाढतो. समजा तो १०० ओहम झाला. तरी २.३ अँपिअर गळती होणारच. एमसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही, आरसीसीबी मात्र लगेच पडेल. पण म्हणून अर्थिंग सोडून देऊ नका. अर्थिंग असेल तर बिघाड होताच आरसीसीबी पडते. नसेल, तर कुणीतरी हात लावेपर्यंत ती वाट बघते.

जनावरांचं तर आणखी अवघड. म्हशीच्या पुढच्या आणि मागच्या पायांत साधारण दीड मीटर अंतर असतं. ओल्या जमिनीत करंट पसरला, की त्या दोन जागांतल्या व्होल्टेजच्या फरकामुळे तो पायातून शिरून छातीतून जातो. आपल्याला जिथं नुसती मुंगी चावल्यासारखं वाटतं, तिथं जनावर कोसळतं. म्हणून गव्हाणीचा पाइप, लोखंडी खांब आणि पत्रा हे एकमेकांना जाड तारेनं बांधून अर्थिंगला जोडायचे. शेतीच्या इमारतींसाठी आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकात ७०५ हा स्वतंत्र भाग आहे. त्यात हे बांधणं सांगितलंय आणि पिनांना ३० मिलिअँपिअरचं संरक्षणही.

मग घरच्या बोर्डाची आखणी कशी करायची? मेन स्विचनंतर दोन वाटा करा. एक घराची, तिची आरसीसीबी वेगळी. दुसरी गोठ्याची: २५ अँपिअरची दोन पोलची एमसीबी आणि ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरची स्वतःची आरसीसीबी. गोठा घराच्या आरसीसीबीखाली घेतला, तर तिकडं पाणी शिरलं की रात्री घरात अंधार. मग कुणीतरी वैतागून आरसीसीबीच काढून टाकतं, आणि तिथंच घात होतो. दोन्ही वाटांच्या न्यूट्रल एकमेकींत मिसळू देऊ नका. मिसळल्या तर विनाकारण पडत राहतील. आणि न्यूट्रलऐवजी अर्थिंगवर बल्ब लावायची सवय कायमची सोडा.

गोठ्यात छोटा बोर्ड बसवा: एक आयसोलेटर, दिव्यांना ६ अँपिअर, मशीनला २० अँपिअरची सी प्रकारची एमसीबी. हा बोर्ड कापसाच्या खोलीत नको, बाहेर कोरड्या भिंतीवर, जनावराचं तोंड पोचणार नाही एवढा उंच.

आता केबल. गोठा ४० मीटरवर धरा आणि मशीन दोन एचपीचं. चालू होताना ते ६० अँपिअरच्या आसपास ओढतं. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची तार असेल तर त्या क्षणी सुमारे ३६ व्होल्ट वाटेतच जातात. मोटार नुसती गुरगुरते, फिरत नाही, आणि आपण डीपीला दोष देतो. सहा स्क्वेअर एमएम घेतली तर तोटा १५ व्होल्टच्या घरात येतो. केबल आर्मर्ड घ्या, पाऊण मीटर खोल पुरा, खाली-वर वाळू आणि त्यावर विटा. उंदीर आणि कुदळ, दोन्हींपासून वाचते.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि नवं मशीन जोडण्याआधी बिलावरचा मंजूर भार बघा.

शेवटी एक काम सांगतो. घरी गेल्यावर बोर्डावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण शोधा. ते दाबा. लाइन गेली, तर आरसीसीबी चालू आहे. महिन्यातून एकदा असंच दाबत जा. नाही गेली, किंवा असं बटणच सापडलं नाही, तर पहिला पाऊस पडायच्या आत वायरमनला बोलवा.