तीर्थक्षेत्रातील भटकी कुत्री-मांजरे : भूतदयेला नियोजनाची जोड

श्रावणातील सोमवार असो वा महाशिवरात्रीची यात्रा, परळी वैजनाथ येथील ज्योतिर्लिंगाच्या दर्शनासाठी पहाटेपासून रांगा लागतात. मराठवाड्यातून, तेलंगणातून, कर्नाटकातून आलेले भाविक रेल्वे व बस स्थानकांवर उतरतात आणि अहिल्याबाई होळकर यांनी अठराव्या शतकात जीर्णोद्धार केलेल्या या मंदिराच्या पायऱ्या चढतात. या गर्दीच्या कडेकडेने आणखी एक वस्ती वावरत असते. फराळाच्या दुकानांमागे, पत्रावळींच्या ढिगाशेजारी, धर्मशाळेच्या ओट्याखाली आणि स्थानकाच्या फलाटावर भटकी कुत्री व मांजरे आपला वाटा शोधत फिरतात. यात्रेच्या नियोजनाच्या बैठकीत पाणी, दिवाबत्ती, वाहनतळ, आरोग्य पथक यांचा तपशीलवार विचार होतो. या मुक्या वस्तीचा विचार मात्र बहुधा कोणाला चावा घेतला गेल्यावरच सुरू होतो.

पर्यटनस्थळ आणि तीर्थक्षेत्र यांचा या बाबतीत एक समान स्वभाव आहे. तेथील अन्न हंगामी असते. यात्रेच्या दिवसांत उष्टे-खरकटे मुबलक पडते, आसपासच्या वस्त्यांतील कुत्री तेथे ओढली जातात. यात्रा पांगली की अन्न एकदम आटते आणि प्राणी मात्र तेथेच राहतात. कुत्रीचा गर्भकाल सुमारे नऊ आठवड्यांचा, वेत वर्षातून साधारण दोन, एका वेताला चार-सहा पिल्ले. मांजरीचीही गती अशीच, किंबहुना अधिक. उपाशी कळप, पिल्लांचे रक्षण करणारी कुत्री आणि अनोळखी माणसांची गर्दी हे तिन्ही एकत्र आले की चाव्याचे प्रकार वाढणे ओघानेच येते. त्यासाठी प्राण्याचा स्वभाव दुष्ट असावा लागत नाही.

बीड जिल्ह्याचे नाव डिसेंबर २०२१ मध्ये देशोदेशीच्या वृत्तपत्रांत झळकले ते अशाच एका विषयामुळे. माजलगाव तालुक्यातील लवूळ येथे वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर व घरांच्या छपरांवर नेत होती. अखेर वन विभागाने दोन वानरे पकडून नेली. त्या वेळी पिल्लांच्या आकड्यावरून पुष्कळ चर्चा झाली. एका गावात एवढी बेवारस पिल्ले जन्मतात कशी, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

चाव्यामागचे संकट

या विषयातील खरी गांभीर्याची बाब म्हणजे पिसाळ रोग, अर्थात रेबीज. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने दगावतात आणि त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू भारतात होतात. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणांचे मूळ कुत्र्याच्या चाव्यात असते. एकदा लक्षणे दिसू लागली की या रोगावर परिणामकारक उपचार जवळपास नाही, आणि लक्षणे दिसण्यापूर्वी योग्य लस घेतली तर तो टाळता येतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली, त्याला एक शतकाहून अधिक काळ लोटला. तरीही मृत्यू होतात, ते लशीअभावी जितके होतात तितकेच विलंबामुळे आणि अर्धवट उपचारांमुळे होतात.

यात्रेकरूच्या बाबतीत अर्धवट उपचारांचा धोका विशेष आहे. परळीत चावा झालेला मनुष्य पहिली मात्रा येथे घेतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या गावी परततो. पहिली मात्रा दिलेला दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी कातडीत द्यावयाच्या पुढील मात्रा त्याच्या गावाजवळील प्राथमिक आरोग्य केंद्रातच घ्याव्या लागतात. (स्नायूत लस दिल्यास चौदाव्या दिवसाची मात्राही असते.) जखम बरी दिसू लागली, कामाची घाई झाली, की तिसरी-चौथी मात्रा राहून जाते. म्हणूनच यात्रेतील आरोग्य पथकाने दिलेली नोंदचिठ्ठी सांभाळणे आणि ती गावच्या केंद्रात दाखवणे याला उपचाराइतकेच महत्त्व आहे. यात्रेहून आलेल्या माणसाची ही चौकशी ग्रामपंचायत सदस्य किंवा आशा कार्यकर्ती सहज करू शकते.

चावा होताच करावयाची पहिली गोष्ट प्रत्येक शाळेच्या फलकावर लिहिण्याजोगी आहे. वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटे जखम धुवावी. साबण आणि पाणी यांनी जखमेतील विषाणूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात कमी होते. ग्रामीण भागात अजूनही जखमेवर तिखट, चुना किंवा हळद दाबण्याची पद्धत आढळते. मांत्रिकाकडे नेण्यात मोलाचे तासही जातात. तिखट-चुन्याने जखम चिघळते, विषाणू मरत नाही. जखम खोल असल्यास किंवा रक्त आले असल्यास लशीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते, आणि त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जावे लागू शकते. परळीकरांना त्यासाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. पूर्वी पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत. त्या इंजेक्शनांची भीती मात्र कित्येक वडीलधाऱ्यांच्या मनातून गेलेली नाही. मुले चावा घरी लपवतात, त्यामागेही पुष्कळदा हीच ऐकीव भीती असते. मांजराच्या चाव्याने वा ओरखड्यानेही हा रोग होऊ शकतो, हेही मुलांना सांगावयास हवे.

मारण्याचा मार्ग आणि त्याचा अनुभव

कुत्री मारून टाकावीत, ही सूचना नवी नाही. मुंबईत १८३२ साली तत्कालीन सरकारने भटकी कुत्री मारण्याचा आणि मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे बक्षीस देण्याचा हुकूम काढला. ज्यांच्या अंत्यविधीत कुत्र्याला स्थान आहे अशा पारशी समाजाने त्याविरुद्ध ६ जून १८३२ रोजी मोठा निषेध केला, बाजार बंद पडले आणि प्रकरण दंग्यापर्यंत गेले. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत स्थापन झाली आणि तिच्या आश्रयाने परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय नावारूपास आले. महाराष्ट्रात या कार्याची परंपरा अशी दोन शतकांच्या घरात जाते.

मारण्याचा उपक्रम त्यानंतरही अनेक शहरांत चालू राहिला. त्याने कुत्री कमी झाली नाहीत. याचे कारण साधे आहे. एका गल्लीतील कुत्री काढून टाकली तरी तेथील खरकटे तसेच राहते, आणि शेजारच्या भागातील लस न टोचलेली, अनोळखी कुत्री त्या जागी येतात. उरलेल्यांना अन्न अधिक मिळाल्याने त्यांची पिल्लेही अधिक जगतात. मद्रासमधील ब्ल्यू क्रॉस या संस्थेने १९६० च्या दशकात शस्त्रक्रियेने प्रजनन रोखण्याचा मार्ग पुढे आणला; मुंबईत १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ या संस्थेने आणि अन्य संस्थांनी १९९० च्या दशकात महानगरपालिकेच्या सहकार्याने तो राबवला. पुढे २००१ मध्ये केंद्र शासनाने यासाठी नियम केले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या प्राणी प्रजनन नियंत्रण नियमांनी घेतली.

जयपूर आणि गोवा

पर्यटकांच्या वर्दळीच्या ठिकाणी सेवाभावी संस्था काय करू शकते, याचे दोन दाखले लक्षात घेण्यासारखे आहेत. जयपूर येथे ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने नोव्हेंबर १९९४ ते डिसेंबर २००२ या काळात २४,९८६ कुत्री पकडली आणि त्यांपैकी १९,१२९ कुत्र्यांवर निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करून त्यांना लस टोचली. पाहणीत ६५ टक्के माद्यांवर शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले, कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि कार्यक्षेत्रातील माणसांच्या रेबीजची प्रकरणे शून्यावर आली. आठ वर्षांचे हे काम आहे, हे विसरता कामा नये. एका वर्षात निकाल मागणाऱ्या नगरपालिकेने ही आकडेवारी अवश्य पाहावी.

गोव्यातील काम अधिक व्यापक आहे. ‘मिशन रेबीज’ या संस्थेने २०१३ मध्ये भारतात कामाला आरंभ केला आणि राज्य शासनाच्या साहाय्याने गोव्यात गावोगाव लसीकरणाची पथके पाठवली. पथकातील माणसे मोठ्या जाळ्याने कुत्रे पकडतात, जागेवरच लस टोचतात, अंगावर रंगाची खूण करतात आणि सोडून देतात. प्रत्येक कुत्र्याची नोंद भ्रमणध्वनीवरील नकाशावर होते, त्यामुळे कोणती वाडी राहिली हे सायंकाळी कळते. वर्षाकाठी ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस टोचली जाऊ लागली, लसीकरणाचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत नेण्यात आले आणि दरवर्षी सुमारे १,५०,००० मुलांना शाळांतून चाव्यापासून बचावाचे धडे देण्यात आले. २०१३ ते २०१९ या काळात कुत्र्यांतील रेबीजची मासिक प्रकरणे ९२ टक्क्यांनी घटली. २०१८ व २०१९ मध्ये माणसाचा एकही मृत्यू या रोगाने झाला नाही. २०२१ मध्ये राज्य शासनाने गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित केले.

सत्तर टक्के हा आकडा वारंवार येतो, त्याचे कारण असे की तेवढ्या कुत्र्यांमध्ये प्रतिकारशक्ती असेल तर रोगी कुत्र्याला पुढे संसर्ग देण्यास पुरेसे प्राणी भेटत नाहीत आणि साखळी तुटते. कुत्र्यांचे आयुष्य अल्प असते, नवी पिल्ले सतत येत असतात. म्हणून एकदा केलेले लसीकरण वर्षभरात विरळ होते आणि ते दरवर्षी करावे लागते. गोव्याच्या यशात शाळांतील शिक्षकांचा वाटा डॉक्टरांच्या बरोबरीचा आहे. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांपाशी असलेल्या कुत्र्याजवळ जाऊ नये, कुत्रे अंगावर आले तर पळू नये, स्थिर उभे राहावे, एवढी साधी शिकवण मुले लवकर आत्मसात करतात.

मांजरांकडे मात्र बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष होते. मांजर जाळ्यात सापडत नाही, त्यासाठी पिंजरा लावून वाट पाहावी लागते. मुंबई महानगरपालिकेने २०१९ पासून मांजरांच्या निर्बीजीकरणाचेही काम हाती घेतले. धान्याच्या व किराणा दुकानांतील उंदरांचा बंदोबस्त मांजरे करतात, त्यामुळे त्यांना हाकलण्यापेक्षा त्यांची संख्या मर्यादित ठेवणे दुकानदारांनाही सोयीचे वाटते.

कायदा काय सांगतो

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० चा प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायदा झाला. सजीवांबद्दल करुणा बाळगणे हे १९७६ पासून राज्यघटनेतील मूलभूत कर्तव्यांत समाविष्ट आहे. विष घालून किंवा अपंग करून प्राण्याची हानी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ अन्वये गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. २०२३ च्या नियमांनुसार निर्बीजीकरण व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेवर आहे. हे काम प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेमार्फत करावयाचे असते. शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याच्या कानाला खाच पाडली जाते आणि जखम भरल्यावर ते पकडल्या जागीच सोडले जाते. खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून व येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठरवावी, असेही हे नियम सांगतात.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वसाधारण तत्त्व म्हणून शस्त्रक्रिया व लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडण्यास मान्यता दिली. पिसाळलेली व आक्रमक कुत्री त्यातून वगळली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचे आणि ती पुन्हा तेथे न सोडण्याचे निर्देश दिले. म्हणजे परळीसारख्या गावी स्थानकाच्या आवारातील कुत्र्याला एक नियम आणि मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कुत्र्याला दुसरा, अशी स्थिती होते. हा विषय न्यायालयासमोर वेळोवेळी येत असल्याने मुख्याधिकारी व ग्रामसेवक यांनी आदेशाची अद्ययावत प्रत पाहूनच कार्यवाही करणे इष्ट होय.

परळीच्या जमेच्या बाजू

या कामास लागणारी सामग्री परळीच्या आसपास बरीच आहे. परभणी व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये परळीशी रेल्वेने जोडलेली आहेत. जिल्ह्यात प्राणिसेवेची परंपराही कमी नाही. शिरूर कासार तालुक्यातील दहिवंडी येथील शब्बीर सय्यद यांना गोवंशाच्या सांभाळासाठी २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच तालुक्यात तागडगाव येथे ‘सर्पराज्ञी’ हे जखमी वन्यजीवांचे पुनर्वसन केंद्र चालते. श्रद्धेच्या बाजूनेही येथील माती अनुकूल आहे. अंबाजोगाईचे दासोपंत दत्तभक्त, आणि दत्ताच्या पायाशी चार श्वान असतात हे मुलालाही ठाऊक असते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर घराघरांत सांगितले जातात.

मात्र पोळी-बिस्किटे टाकणे हेच पुण्य मानले तर प्रश्न वाढतोच. मंदिराच्या पायऱ्यांवर बिस्किटे टाकणारा भाविक कुत्र्यांना नेमक्या गर्दीच्या जागी थांबावयास शिकवतो. तेच अन्न ठरावीक वेळी, मंदिरापासून दूर ठरवलेल्या जागी दिले तर कुत्री तेथे जमतात, ओळखीच्या माणसाच्या हाताला येतात आणि लसीकरणाच्या दिवशी त्यांना पकडणेही सोपे जाते. या एका कारणासाठी तरी रोज खाऊ घालणारी माणसे नगरपरिषदेने विरोधक न मानता मदतनीस मानावीत. लूत लागलेले, जखमेत किडे पडलेले किंवा वाहनाखाली सापडलेले कुत्रे सर्वप्रथम त्यांनाच दिसते. कुत्र्याचा आवाज बदलणे, लाळ गळणे, दिसेल त्याला चावत सुटणे, ही पिसाळल्याची लक्षणेही त्यांच्याच ध्यानात आधी येतात आणि तशी वार्ता त्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ द्यावयाची असते.

लसीकरणाची वेळ ठरवताना यात्रेचे पंचांग समोर ठेवावे लागते. श्रावणापूर्वी आषाढात आणि महाशिवरात्रीपूर्वी पौषात मोहीम घेतली तर यात्रेच्या दिवसांपर्यंत लशीचा परिणाम दिसू लागतो. शस्त्रक्रियांसाठी भर पावसाळा टाळलेला बरा, कारण ओलाव्यात जखमा चिघळतात. हे काम हिवाळ्यात नीट होते. पत्रावळी व खरकटे यांची विल्हेवाट त्याच दिवशी रात्रीपर्यंत लागली पाहिजे, आणि हे काम यात्रेचा ठेका देतानाच करारात लिहून घ्यावे लागते. यात्रा संपल्यावर पहिल्या आठवड्यात कुत्र्यांची गणना केली तर बाहेरून किती कुत्री आली, किती कानांना खाच आहे आणि पुढील मोहिमेस किती लस लागेल, याचा अंदाज नगरपरिषदेला बांधता येतो. ही गणना महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी दोन सकाळींत करू शकतात. प्रत्येक गल्लीसाठी एक वही आणि एक पेन्सिल पुरे होते.