आधी फोटो, मग स्विच : राउटरची नोंदवही वाचायला शिकूया



नेट बंद पडलं की आपण सगळ्याच जणी एकच काम करतो. राउटरचं बटण बंद करतो, दहा आकडे मोजतो आणि परत चालू करतो. नाहीच चालू झालं तर फोन लावून सांगतो, "नेट चालत नाही." समोरून उत्तर येतं, "बंद करून चालू करा." तक्रार तिथंच संपते.

पण नेट अडलं की आपलं काय काय अडतं ते बघा. लोकोस ॲपमध्ये भरलेली माहिती वर जात नाही. कर्ज प्रस्तावाची कागदं बँकेला पाठवता येत नाहीत. बीसी सखीकडं अंगठा लावून निराधार योजनेचे पैसे काढायला आलेली आजी रिकाम्या हाती परत जाते. शिरड शहापूरहून औंढ्याला नाहीतर वसमतला जाऊन यायचं म्हणजे भाडंही गेलं आणि दिवसाची मजुरीही. म्हणून नेट का गेलं हे आपल्याला सांगता आलं पाहिजे. ते राउटरच्या आतच लिहिलेलं असतं.

लॉग म्हणजे काय, अलार्म म्हणजे काय

दशसूत्री पाळणाऱ्या गटाला नोंदी ठेवणं नवं नाही. बैठकीत कोण आलं, किती बचत झाली, सगळं आपण लिहितो. राउटरही तसंच करतो. कधी चालू झाला, लाईन कधी तुटली, कोणता मोबाईल जोडला गेला, हे तो वेळेसह लिहून ठेवतो. या वहीला 'इव्हेंट लॉग' किंवा 'सिस्टीम लॉग' म्हणतात. यातल्या ज्या गोष्टीकडं ताबडतोब बघायला हवं, तिचा 'अलार्म' होतो. लाल लाईट हा डोळ्यांना दिसणारा अलार्म. म्हणजे लॉगमधली प्रत्येक ओळ काळजीची नसते, पण अलार्म कधी सोडून द्यायचा नसतो.

वही उघडायची कशी

राउटरच्या वायफायला मोबाईल जोडा. क्रोममध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाका (आकडे इंग्रजीत). काही राउटरचा पत्ता वेगळा असतो, तो खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. नाव आणि पासवर्ड टाकला की पान उघडतं. त्यात 'स्टेटस', 'मेंटेनन्स' किंवा 'डायग्नोसिस' या नावाखाली लॉग सापडतो. बाहेरची लाईन बंद असली तरी हे पान उघडतं, कारण ते राउटरच्या आतच असतं.

नेहमी दिसणाऱ्या ओळी

*लॉस ऑफ सिग्नल, किंवा 'लॉस' नावाचा लाल लाईट.* फायबरमधून येणारा प्रकाश थांबलाय. तार तुटली असेल, नाहीतर मागची बारीक तार दबली किंवा जोडातून निसटली असेल. तार वाकली आहे का एवढंच बघा. तुटलेल्या किंवा काढलेल्या टोकात डोळा लावून बघू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. हे काम लाईनमनचं.

*ऑथेंटिकेशन फेल्ड.* लाईन ठीक आहे, पण कंपनीनं आपलं नाव-पासवर्ड स्वीकारलेलं नाही. आधी बघा, बिल भरायचं राहिलंय का? अशा वेळी लाईनमनची वाट बघून उपयोग नाही. तक्रार खात्याची करा.

*टाइमआऊट किंवा नो रिस्पॉन्स.* आपला राउटर हाक मारतोय, पलीकडून उत्तर नाही. बहुतेक वेळा बिघाड पुढच्या बाजूला असतो.

*सिस्टीम स्टार्टअप किंवा रिबूट, पुन्हा पुन्हा.* राउटर सारखा बंद पडून चालू होतोय. वीज, पिन, बोर्ड आणि ॲडॉप्टर तपासा. इथं नेटवाल्याच्या आधी वायरमनची गरज लागू शकते.

*लॉगिन फेल्ड.* कुणीतरी राउटरच्या पानाचा चुकीचा पासवर्ड टाकलाय. एकदा असेल तर आपल्यातलीच कुणी चुकली असेल. ओळीनं दहा-वीस वेळा असेल तर कुणी आत शिरायचा प्रयत्न करतंय. 'ॲडमिन' हाच पासवर्ड ठेवला असेल तर आजच बदला.

*डिव्हाइस कनेक्टेड, डिसकनेक्टेड.* मोबाईल जोडला, मोबाईल गेला. ही रोजची हजेरी, घाबरू नका.

फायबरच्या राउटरमध्ये 'आरएक्स पॉवर' असाही आकडा असतो, वजा २० किंवा वजा २५ असा. हे प्रकाशाचं माप आहे. वजा २० चांगला. तो ३ नं खाली गेला की येणारा प्रकाश जवळपास निम्मा झाला असं समजा. वजा २७ च्या खाली बऱ्याच राउटरना तो पुरत नाही. नेट कधी चालतं, कधी नाही, असं होत असेल तर हा आकडा नक्की लिहून ठेवा.

स्विचला हात लावायच्या आधी

बऱ्याच राउटरमध्ये बटण बंद केलं की लॉग पुसला जातो. म्हणजे बिघाडाचा पुरावा आपल्याच हातानं जातो. म्हणून क्रम लक्षात ठेवा :

१. लाईटचा फोटो काढा. लुकलुकत असेल तर छोटा व्हिडिओ घ्या.
२. लॉगच्या पानाचा फोटो घ्या.
३. भिंतीवरच्या घड्याळातली वेळ वहीत लिहा. राउटर घड्याळ नेटवरून लावतो, त्यामुळं नेट नसताना काही राउटर १ जानेवारी १९७० अशी तारीख दाखवतात.
४. मग बंद करून चालू करा.

मागच्या बारीक छिद्रात पिन घालून रीसेट मात्र करू नका. सगळी सेटिंग जाते आणि माणूस येईपर्यंत नेट बंद राहतं. फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताना स्टिकरवरचा पासवर्ड त्यात आलेला नाही ना, तेही बघा.

आता तक्रार अशी करा : "सकाळी १० वाजून २० मिनिटांपासून लॉसचा लाईट लाल आहे. वीज चालू आहे. तार दबलेली नाही. फोटो पाठवते." अशा तक्रारीवर "बंद करून चालू करा" म्हणता येत नाही. तक्रारीचा नंबर मागून घ्या.

पैसे कटले, पण हातात आले नाहीत

बीसी सखींनो, हे तुमच्यासाठी. व्यवहार चालू असताना नेट गेलं तर लगेच दुसऱ्यांदा अंगठा घेऊ नका. आधी खात्यातली शिल्लक तपासा. वेळ, रक्कम आणि पावतीवरचा नंबर लिहा, सोबत लॉगचा फोटो ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, आधारवरच्या व्यवहारात खात्यातून पैसे कटले पण तुमच्याकडं खात्रीचा निरोप आला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ती रक्कम परत करायची असते. त्याहून उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते, तीही तिनं तक्रार करायची वाट न बघता. हे त्या आजीला समजावून सांगा. ती घाबरलेली असते, आणि तिचा संशय आधी आपल्या सखीवरच येतो. लिहिलेली वेळ आणि फोटो दोघींच्याही कामी येतात.

पुढच्या बैठकीत एवढं करा

राउटर जिथं आहे तिथं एक वही टांगा. रकाने पाच : तारीख, नेट गेल्याची वेळ, लाईट किंवा लॉगमधली ओळ, तक्रार नंबर, चालू झाल्याची वेळ. वही कोणी लिहायची ते ठरावात घ्या, शाळा शिकलेली एखादी सून किंवा मुलगी आवडीनं करेल. दोन-तीन महिन्यांनी वही उघडा. बिघाड नेहमी वीज गेल्यावरच होतो की तार तुटूनच, ते तुम्हालाच दिसेल. मग इन्व्हर्टर घ्यायचा की लाईन बदलून मागायची, हे अंदाजानं नाही, नोंदीवरून ठरवता येईल.