आदिबलप्रवृत्त अर्बुद : व्हॉन हिपेल-लिंडाऊ विकार

शुक्रशोणितदोषजन्य व्याधींना सुश्रुताचार्यांनी ‘आदिबलप्रवृत्त’ म्हटले आहे. व्हॉन हिपेल-लिंडाऊ हा असाच दुर्मिळ विकार होय. १९९३ मध्ये शोध लागलेले, तिसऱ्या गुणसूत्रावरील हे सदोष जनुक प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. लहान मेंदूतील वा दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांचे अर्बुद सौम्य असते. परंतु त्याच रुग्णात पुढे वृक्काचा कर्करोग उद्भवू शकतो.

म्हणून तरुण रुग्णात प्रातःकाली शिरःशूल, छर्दी व चालताना तोल जाणे आढळल्यास केवळ ‘भ्रम’ समजून औषधयोजना करू नये. कुलवृत्त विचारावे व रुग्णास बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वरित पाठवावे. वेदनाशामक वारंवार नेणाऱ्या ग्राहकास औषधविक्रेत्यांनीही वैद्याकडे धाडावे. निदान एकाचे झाले, तरी तपासणी भावंडांची व अपत्यांचीही व्हावी.