मोटारगाडीच्या आरंभ व प्रभारण यंत्रणेतील अनियमित दोषांचे निदान

गाडी कधी एका किल्लीत सुरू होणे व कधी मुळीच न होणे, किंवा चालत्या गाडीत बॅटरीचा दिवा मध्येच लागून पुन्हा विझणे, यांसारख्या अधूनमधून दिसणाऱ्या बिघाडांचे मूळ शोधण्याच्या पद्धतीला अनियमित दोषांचे निदान असे म्हणतात. कायम राहणारा दोष शोधणे तुलनेने सोपे असते. अनियमित दोष मात्र गाडी दुरुस्तीसाठी नेल्यावर बहुधा दिसेनासा होतो. अशा वेळी अंदाजाने बॅटरी बदलली जाते, काही दिवस गाडी ठीक चालते आणि मग तीच तक्रार पुन्हा सुरू होते. खर्च तर वाया जातोच. शिवाय रात्री घाटात किंवा भर पावसात गाडी बंद पडण्याचा धोका कायम राहतो. प्रस्तुत लेखात १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असलेल्या पेट्रोल व डिझेल मोटारगाड्यांचा विचार केला आहे.

यंत्रणेची रचना

शिसे-आम्ल बॅटरीचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लाँते यांनी १८५९ मध्ये लावला. मोटारगाडीचे इंजिन पूर्वी हँडल मारून सुरू करावे लागे. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत आरंभक १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत प्रथम बसवण्यात आला. बोलीभाषेत या आरंभकाला 'सेल्फ' म्हणतात. इंजिन सुरू झाल्यावर बेल्टच्या साहाय्याने ऑल्टरनेटर फिरतो, गाडीला वीज पुरवतो आणि बॅटरीचे प्रभारण करतो. जुन्या गाड्यांत हे काम डायनॅमो करीत असे. त्यामुळे अनेक गॅरेजमध्ये आजही ऑल्टरनेटरला डायनॅमोच म्हटले जाते.

किल्ली फिरवल्यावर इग्निशन स्विच, रिले आणि गिअर किंवा क्लचचा सुरक्षा स्विच यांतून एक लहान प्रवाह सेल्फवरील सोलेनॉइडपर्यंत जातो. सोलेनॉइड आपले जाड संपर्कबिंदू जोडतो आणि मग बॅटरीतून मोठा प्रवाह सेल्फमध्ये वाहतो. हा प्रवाह लहान गाडीतही शंभर अँपिअरच्या वर जातो. सेल्फमधून तो इंजिनाच्या धातूत, तेथून अर्थिंगच्या पट्टीतून व केबलमधून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो. परतीची ही वाट दृष्टीआड असते, त्यामुळे तपासणीत तिचीच सर्वांत अधिक उपेक्षा होते.

दिवे लख्ख, तरी सेल्फ निश्चल

दिवे प्रखर लागतात, हॉर्न मोठ्याने वाजतो, पण सेल्फ फिरत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. यावरून बॅटरी उत्तम असून सेल्फच बिघडला असावा असा निष्कर्ष काढला जातो. तो दर वेळी खरा नसतो, आणि का नसतो हे शालेय अभ्यासक्रमातील ओहमच्या नियमाने उलगडते.

समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर क्षार साचल्याने त्या जोडात ०.०२ ओहम इतका अल्प रोध निर्माण झाला आहे. ५५ वॅटचा दिवा सुमारे ४.६ अँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे त्या जोडावर साधारण ०.१ व्होल्ट खर्ची पडतात व दिव्याच्या उजेडात डोळ्याला काही फरक जाणवत नाही. सेल्फने १५० अँपिअर मागितले, तर मात्र त्याच जोडावर ३ व्होल्ट गमावले जातील. प्रत्यक्षात रोधामुळे प्रवाहही घटतो. परिणाम एकच : सेल्फ मंद फिरतो किंवा नुसता 'टक्' असा आवाज करून थांबतो. सैल वा गंजलेल्या जोडाचा रोध तापमानाने, ओलाव्याने व हादऱ्यांनी बदलत असल्यामुळे दोषही येतो आणि जातो. टर्मिनल काढून पुन्हा घट्ट केल्यावर गाडी सुरू होते याचे कारण हेच. नवी बॅटरी बसवतानाही टर्मिनल आपोआप साफ होते, आणि श्रेय मात्र बॅटरीला मिळते.

समुद्रकिनाऱ्यावरील खारी, दमट हवा हा गंज लवकर वाढवते. कोकणपट्टीतील व गोव्यातील वाहनधारकांना टर्मिनलवरील पांढरा-हिरवट क्षार परिचित असतो.

विभवपाताची मोजणी

जोडाचा असा दोष पकडण्याची खात्रीशीर पद्धत म्हणजे प्रवाह वाहत असताना त्या जोडाच्या दोन्ही बाजूंमधील व्होल्टेजचा फरक, अर्थात विभवपात, मोजणे. प्रवाह नसताना खराब जोडही शून्य दाखवतो. मल्टीमीटरने केबलचा रोध मोजण्याचाही येथे उपयोग नाही, कारण शतांश ओहम इतका सूक्ष्म रोध साध्या मल्टीमीटरला दिसत नाही.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा व इंधनपुरवठा तात्पुरता बंद करावा, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर व दुसरे सेल्फच्या जाड केबलच्या टर्मिनलवर धरावे. पहिले टोक क्लॅम्पवर न धरता शिशाच्या खुंटीवरच धरावे. अन्यथा खुंटी व क्लॅम्प यांमधील दोष मोजणीतून निसटतो. सहकाऱ्याने काही सेकंद सेल्फ मारल्यावर येणारे वाचन साधारण ०.५ व्होल्टपेक्षा कमी असावे. नंतर बॅटरीची ऋण खुंटी व सेल्फचे धातूचे आवरण यांमध्ये हीच मोजणी करावी, येथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा अधिक पात संशयास्पद समजावा. वाचन जास्त आल्यास टोक एकेक जोड मागे सरकवत नेल्यावर दोषाची जागा सापडते. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये.

इंजिन व बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी तुटली, तर सेल्फचा प्रवाह दुसरी वाट धरतो. जुन्या गाड्यांत तो ॲक्सिलरेटरच्या किंवा गिअरच्या धातूच्या केबलमधून वाहू लागतो. ती केबल विनाकारण तापत असेल, तर केबल बदलण्यापूर्वी अर्थिंग पाहावे.

आवाजावरून मिळणारे संकेत

किल्ली फिरवल्यावर 'टक-टक-टक' असा जलद आवाज आला, तर सोलेनॉइड ओढला जातो, पण सेल्फ प्रवाह घेऊ लागताच व्होल्टेज कोसळून तो सुटतो. बॅटरी उतरलेली आहे किंवा जोड खराब आहे, असा याचा अर्थ. एकच ठाम 'टक्' व पुढे शांतता असेल, तर वर सांगितलेल्या जोडांखेरीज सोलेनॉइडचे झिजलेले संपर्कबिंदू किंवा सेल्फचे संपत आलेले कार्बन ब्रश हे कारण असू शकते. सेल्फवर हलकेच ठोकल्यावर तो फिरला, तर ब्रशचा संशय बळावतो. आवाजच न आल्यास लहान प्रवाहाचा मार्ग तपासावा : रिले, इग्निशन स्विच, सुरक्षा स्विच, इमोबिलायझर.

बॅटरी

काही तास विश्रांती घेतलेल्या पूर्ण प्रभारित बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट मिळतात, १२.२ व्होल्ट म्हणजे ती जवळपास अर्धी उतरलेली असते. या आकड्यावरून फक्त प्रभार कळतो, ताकद नव्हे. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या खुंट्यांवर सुमारे ९.६ व्होल्टपेक्षा अधिक दाब टिकला पाहिजे. क्वचित बॅटरीच्या आतील दोन घटांमधील जोडच तडकलेला असतो. अशी बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखवते आणि सेल्फ मारताच एकदम निष्प्राण होते. हा मात्र बॅटरीचाच दोष होय.

प्रभारणातील दोष

इंजिन चालू असताना बॅटरीवर सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. अलीकडच्या अनेक गाड्यांत ऑल्टरनेटरवर संगणकाचे नियंत्रण असते. तेथे प्रभारित बॅटरीवर व्होल्टेज काही वेळ १३ च्या खाली हेतुपुरस्सर ठेवले जाते. ते पाहून चांगला ऑल्टरनेटर उतरवला जाण्याचा संभव असतो.

बेल्ट सैल असल्यास पावसात किंवा दिवे-पंखा एकदम लावल्यावर तो घसरतो, किंचाळतो आणि प्रभारण घटते. ब्रश झिजल्यास दिवा खड्ड्यांत लागतो व विझतो. आतील डायोड निकामी झाल्यास उत्पादन घटते, आणि डायोडमधून प्रवाह उलटा झिरपून रात्रीत बॅटरीही उतरू शकते. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत ऑल्टरनेटरला प्रारंभीचा उत्तेजक प्रवाह बॅटरीच्या दिव्यातूनच मिळतो; म्हणून किल्ली फिरवल्यावर तो दिवा न लागणे हेही दोषाचे लक्षण मानावे.

गॅरेजमध्ये दोष न दिसल्यास मल्टीमीटरच्या लांब, फ्यूज लावलेल्या वायरी खिडकीच्या फटीतून आत घेऊन प्रवासात शेजारी बसलेल्याने आकड्यांवर लक्ष ठेवावे. दिवा लागला त्या क्षणीचे व्होल्टेज, पाऊस, इंजिनाची उष्णता, चालू असलेली उपकरणे यांची नोंद केल्यास चार-सहा नोंदींतून संबंध दिसू लागतो.

चालत्या इंजिनात बॅटरीची केबल काढून 'डायनॅमो' तपासण्याची प्रथा जुन्या गाड्यांपासून चालत आली आहे. ऑल्टरनेटर असलेल्या गाडीत तसे केल्यास व्होल्टेज क्षणात उसळून डायोड व संगणकीय भाग जळू शकतात. ही प्रथा सर्वथा टाळावी.

उभ्या गाडीतील प्रवाहगळती

गाडी बंद केल्यावरही घड्याळ, अलार्म इत्यादी काही प्रवाह घेतात. तो साधारणतः ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. डिकीचा न विझणारा दिवा किंवा चिकटलेला रिले ५०० मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला १२ अँपिअर-तास खर्च होतात व ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांच्या आत रिकामी होते. रोज वापरल्यास सुरू होणारी गाडी सुट्टीनंतर बंद पडते, ती यामुळे. मोजणीपूर्वी गाडीतील संगणक निद्रावस्थेत जाईपर्यंत थांबावे लागते. काही गाड्यांत यास अर्धा तासही लागतो. फ्यूज उपसण्याऐवजी प्रत्येक फ्यूजवरील मिलिव्होल्टमधील पात मोजावा, कारण फ्यूज काढून लावल्याने झोपलेले संगणक पुन्हा जागे होतात.

सुरक्षितता

प्रभारणाच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून जवळ ठिणगी होऊ देऊ नये. केबल काढताना ऋण टोक प्रथम काढावे व जोडताना शेवटी जोडावे. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेताना शेवटची जोडणी उतरलेल्या बॅटरीवर न करता तिच्यापासून दूर, इंजिनाच्या धातूवर करावी.