भोपळ्याची मॅकरोनी: चीज किती, पाणी किती

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या बाजारांत बटरनट भोपळ्यांचे ढीग लागतात. अनेक घरांत मग ओव्हनमध्ये भाजलेल्या मॅकरोनी-चीजमध्ये हा भोपळा घातला जातो. पदार्थ साधा आहे, पण त्याच्याभोवतीच्या काही समजुतींमुळे तो हमखास बिघडतो.

सगळ्यांत मोठा गैरसमज म्हणजे भोपळा घातला की चीज लागतच नाही. डोळ्यांना तसं वाटतं खरं, कारण भोपळ्याचा सॉस अगदी चेडरसारखा दिसतो. पण चेडर मुळात फिकट पिवळसर असतं. केशरी चेडरचा रंग ॲनाटोचा, म्हणजे शेंद्रीच्या बियांचा असतो, तर भोपळ्याचा रंग बीटा-कॅरोटीनचा. रंग जुळला म्हणून चव जुळत नाही. मुरलेल्या चेडरचा खारटपणा, स्निग्धता आणि तो झणका भोपळ्यात कुठून येणार? भोपळा गोड असतो. चीज पूर्ण वगळलं तर लहान बाळाला भरवायचं गोडसर मऊ मिश्रण तयार होतं. चीज साधारण एक तृतीयांशाने कमी केलं तर मात्र चव टिकते. गोडवा तोडायला चमचाभर मोहरीची पेस्ट, किसलेलं जायफळ आणि मिरपूड घालावी. आणखी एक गोष्ट चीजच्या बाजूची आहे: बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थासोबतच अंगी लागतं.

भोपळा उकडून घातला तरी चालतं, हा दुसरा समज, आणि माझ्या मते खरं नुकसान इथेच होतं. बटरनटमध्ये वजनाच्या साधारण ८५ टक्के पाणीच असतं. उकडल्यावर ते कमी होत नाही, मग ओव्हनमध्ये तेच पाणी सुटून भांड्याच्या तळाशी साचतं. भोपळा उभा चिरावा, बिया काढाव्यात, कापलेल्या बाजूला तेल लावून ती बाजू खाली ठेवावी आणि २०० अंश सेल्सिअसवर पाऊण तास भाजावा. कडा तपकिरी झाल्या आणि सुरी सहज आत गेली की गर चमच्याने निघतो. तरीही गर सैल वाटला तर जाड बुडाच्या कढईत आटवावा. उलथन्याने तळाशी ओढलेली रेघ क्षणभर तशीच राहिली, लगेच भरून आली नाही, की गर तयार झाला.

भोपळ्याने सॉस फुटतो असंही म्हणतात. भोपळा आंबट नसतो, त्याचा यात दोष नाही. सॉस फुटतो तो उष्णतेने: उकळत्या दुधात चीज टाकलं की प्रथिनं आकसतात आणि तूप वेगळं होतं. दोन चमचे लोण्यात दोन चमचे मैदा परतून त्यात दोन कप दूध घालावं, दाट झाल्यावर गॅस बंद करावा आणि मगच चीज मूठमूठ घालावं. पाकिटातलं किसलेलं चीज टाळावं; किस चिकटू नये म्हणून त्यात स्टार्च किंवा सेल्युलोज घातलेलं असतं, त्यामुळे सॉस रवाळ होतो.

मॅकरोनी-चीज हा पदार्थच थॉमस जेफरसनने शोधला, ही कथा अमेरिकेत फार लाडकी आहे. पण इंग्लंडमध्ये एलिझाबेथ रॅफल्डच्या १७६९च्या पुस्तकात चीज घातलेली मॅकरोनी आहेच. जेफरसनच्या घरी तो रांधणारा जेम्स हेमिंग्ज हा गुलामगिरीतला, फ्रान्समध्ये शिकलेला स्वयंपाकी होता. श्रेय द्यायचंच तर त्या हातांना द्यावं.

बटरनट ज्या गटात मोडतो तो ‘विंटर स्क्वॉश’ हिवाळ्यात पिकतो, असं नावावरून वाटतं. तो उन्हाळ्यात वाढतो आणि शरदात काढला जातो. जाड सालीमुळे हिवाळाभर टिकतो, एवढंच.

बटरनटशिवाय हे जमणार नाही, असं पुण्या-मुंबईतले लोक म्हणतात तेव्हा मात्र आवर्जून सांगावंसं वाटतं: आपल्या बाजारातला बहुतेक लाल भोपळा बटरनटच्याच प्रजातीचा, क्युकर्बिटा मोस्काटा, आहे. मूळ दोघांचं अमेरिका खंडातलं. आपला भोपळा बऱ्याचदा जास्त पाणीदार असतो, म्हणून घट्ट गराचा, गडद केशरी तुकडा बघून घ्यावा आणि आटवायला वेळ द्यावा. आपल्याकडच्या प्रोसेस्ड चीजमध्ये इमल्सिफायर क्षार असल्याने ते छान वितळतं, पण चवीला सौम्य असतं. थोडं मुरलेलं चेडर मिसळलं तर फरक कळतो.

पाव किलो मॅकरोनीला सालीसकट अर्धा किलो भोपळा आणि दीडशे ते दोनशे ग्रॅम चीज पुरतं. मॅकरोनी पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधीच उतरवावी, कारण ती ओव्हनमध्येही शिजते. सॉस भांड्यात ओतताना थोडा सैलच दिसायला हवा. वर लोण्यात परतलेला पावाचा चुरा घालून १९० अंशांवर २५ मिनिटं भाजावं, मग दहा मिनिटं तसंच राहू द्यावं, म्हणजे सॉस मॅकरोनीला धरतो.