हुशार मूल शोधायचं कसं?

दोस्तांनो, समजा उद्या बाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "आपल्या वर्गातल्या तीन हुशार मुलांची नावं सांगा पाहू!" तुम्ही कुणाची नावं घ्याल? पहिला नंबर काढणाऱ्याचं, नाहीतर ज्याचा हात सारखा वर असतो त्याचं. आणि शेवटच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानावर कसल्या कसल्या आकृत्या काढणारी ती अबोल मुलगी? तिचं नाव कुणाला आठवेल?

मोठ्या माणसांचंही असंच होतं, बरं का! अमेरिकेत लुईस टर्मन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. १९२१ साली त्यांनी कॅलिफोर्निया राज्यात अतिशय बुद्धिमान मुलांचा शोध सुरू केला. सगळ्याच मुलांची परीक्षा घेणं काही शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी शिक्षकांना सांगितलं, वर्गातली सर्वांत हुशार वाटणारी मुलं कळवा, आणि वयानं सर्वांत लहान कोण तेही कळवा. मग या मुलांच्या चाचण्या झाल्या. निकाल पाहून टर्मनसाहेबच चकित झाले. शिक्षकांनी 'हुशार' म्हणून सांगितलेल्या मुलापेक्षा वयानं लहान असलेलं मूलच पुष्कळदा जास्त हुशार निघत होतं! लवकर वरच्या वर्गात गेलेलं ते पोर मोठ्या मुलांच्या घोळक्यात शिक्षकांच्या नजरेतच भरत नव्हतं.

चाचणीही काही देवाचा कौल नव्हे. टर्मन यांनी शेवटी सुमारे दीड हजार मुलं निवडली. विल्यम शॉकली नावाच्या एका मुलाचे गुण कमी पडले, म्हणून त्याला घेतलं नाही. याच शॉकली यांना पुढे १९५६ साली ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी दोन सहकाऱ्यांसोबत नोबेल पारितोषिक मिळालं. निवडलेल्या दीड हजारांपैकी मात्र एकालाही ते मिळालं नाही!

पण चाचणी कशी आहे यापेक्षा, चाचणीला बसवलं कुणाला, हाच प्रश्न मोठा ठरतो. तो नीट कळला फ्लोरिडा राज्यातल्या ब्रॉवर्ड काउंटीत. (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग.) तिथे विशेष हुशार मुलांसाठी 'गिफ्टेड' कार्यक्रम असतो. त्यात जायला बुद्ध्यांक १३० लागायचा. सर्वसाधारण बुद्ध्यांक १०० धरतात, म्हणजे १३० भरपूरच झाला. गरीब घरच्या आणि इंग्रजी नव्यानं शिकणाऱ्या मुलांसाठी ही अट ११६ होती. अट तशी ठीकच. पण चाचणीसाठी मुलाचं नाव शिक्षकांनी किंवा आईबाबांनी सुचवावं लागे. ज्यांच्याकडे पैसे होते ते खासगी मानसशास्त्रज्ञाकडूनही चाचणी करून आणत. जिथे आईबाबा दिवसभर कामावर किंवा घरात इंग्रजी बोलत नाहीत, तिथे कोण सुचवणार? काउंटीतली निम्म्याहून अधिक मुलं कृष्णवर्णीय किंवा स्पॅनिश भाषक घरांतली होती. तिसरीच्या 'गिफ्टेड' मुलांत मात्र ती होती फक्त २८ टक्के.

मग २००५ साली ब्रॉवर्डच्या शाळांनी एक साधी गोष्ट केली. दुसरीतल्या यच्चयावत मुलांना एक छोटी चाचणी दिली. त्यात वाचायला शब्दच नाहीत, नुसत्या आकृत्या! एखाद्या नक्षीतला तुकडा गायब असतो आणि खालच्या तुकड्यांतून नेमका बसणारा शोधायचा. घरात कुठली भाषा बोलतात याचा संबंधच नाही. यात चमकलेल्या मुलांची मग नेहमीची बुद्धिमापन चाचणी झाली.

डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला. (कार्ड यांना २०२१ साली नोबेल मिळालं, पण ते वेगळ्या कामासाठी.) गरीब आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचं 'गिफ्टेड' वर्गातलं प्रमाण १८० टक्क्यांनी वाढलं, म्हणजे जवळजवळ तिप्पट झालं! मुलींचीही संख्या वाढली. आणि हे सगळं अट तसूभरही खाली न आणता. मुलं होती तिथेच होती, त्यांना कुणी विचारलं नव्हतं इतकंच. पुढे मंदी आली, पैसे कमी पडले आणि २०१० मध्ये ही चाचणी बंद झाली. झालं! जुनी तफावत पुन्हा जशीच्या तशी. मला विचाराल तर ही काटकसर फार महागात पडली.

आता आपल्याकडे या. खेड्यांतल्या हुशार मुलांना मोफत, राहण्या-जेवणासह चांगलं शिक्षण मिळावं म्हणून जवाहर नवोदय विद्यालयं निघाली. १९८५-८६ मध्ये पहिली दोन सुरू झाली, त्यांतलं एक आपल्या अमरावती जिल्ह्यात, दुसरं हरियाणातल्या झज्जरला. इथल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि किमान एकतृतीयांश मुलींसाठी असतात. प्रवेश परीक्षा १०० गुणांची. त्यातले ५० गुण मानसिक क्षमतेचे आणि तो विभाग सगळा आकृत्यांचाच, थेट ब्रॉवर्डसारखा! बाकीचे गणित आणि भाषेचे. मराठीतून पेपर देता येतो.

पण आईबाबांनो, या परीक्षेला अर्ज भरावा लागतो. सहावीच्या प्रवेशासाठी, मूल पाचवीत असताना, आणि आयुष्यात एकदाच बसता येतं. अर्ज भरायचा राहिला, तर आकृत्या कितीही भराभर सुटत असोत, पेपर हातात पडतच नाही. तेव्हा तुमच्या वाडीत पाचवीतलं कुणी असेल, ज्याच्या घरी अशी परीक्षा असते हेच ठाऊक नसेल, तर मुदत संपायच्या आत त्याच्या घरी एक चक्कर मारून या.