कॉम्प्रेसरच्या टाकीत अडकलेला तुटका आटा

घरगुती एअर कॉम्प्रेसरच्या टाकीला बसवलेली पितळी जोडणी, म्हणजेच फिटिंग, बहुधा आट्यांच्या मुळाशी तुटते. कारण हे आटे निमुळते असल्याने जोडणी पाचरीसारखी घट्ट बसते, आणि ती गरजेपेक्षा जास्त आवळली गेली असेल, तर मोटारीच्या सततच्या कंपनाने त्याच ठिकाणी तडा जातो. टाकीत सुमारे ८ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास आठपट, दाब साठलेला असू शकतो. म्हणून वीजजोडणी काढून, खालची निचऱ्याची तोटी उघडून, दाबमापकाचा काटा शून्यावर आल्यावरच दुरुस्तीला हात घालावा. याला अपवाद नाही.

आत राहिलेला तुकडा काढण्यासाठी एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे उलट्या पिळाचे निमुळते पोलादी हत्यार, त्याच्या पोकळीत हलकेच ठोकून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतात. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने हत्याराची पकड चांगली बसते. नवी जोडणी घेताना नुसत्या मापावर विसंबू नये: पाव इंची ब्रिटिश पद्धतीत इंचाला १९ आटे असतात, तर अमेरिकी पद्धतीत १८, आणि एवढ्याशा फरकानेही टाकीचे आटे कायमचे बिघडतात. टेफ्लॉन टेप आवळण्याच्याच दिशेने गुंडाळावी, नंतर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. टाकीच्या पत्र्यालाच तडा असेल, तर घरी वेल्डिंग न करता टाकी बदलावी.